नादाराच्या रिफंडवर हक्क कुणाचा? वित्तमंत्र्यांना नागपुरातून खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय वित्त आणि कंपनी व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

महोदया,

सविनय नमस्कार.

आयकर खातं आपल्याकडे आहे. नादारी व दिवाळखोरी संहिता ज्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, ते कंपनी व्यवहार मंत्रालयही आपल्याकडेच आहे. हे पत्र आपल्याच नावे लिहिण्याचं कारण एवढंच, की विषय या दोन खात्यांच्या मधोमध पडला आहे आणि तो उचलायला कुणी वाकत नाही. कर्जात पार बुडालेल्या माणसाने नादारीचा अर्ज केला, तर त्याला आयकर खात्याकडून येणाऱ्या रिफंडचं काय करायचं?

मी नागपुरात इतवारीत बसतो. रिटर्न भरणं, जीएसटी, दुकानांचे हिशेब, नोटिसांना उत्तरं असा धंदा आहे. मोठी गिऱ्हाइकं सिव्हिल लाइन्स आणि धरमपेठेतल्या सीएंकडे जातात. माझ्याकडे येतात ते खासगी नोकरदार, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, कंत्राटी इंजिनीअर, उमरेडकडे कोळसा वाहणारे दोन ट्रकांचे मालक. यांच्यापैकी प्रत्यक्षात कर लागतो असे थोडे. कर कापला जातो मात्र जवळजवळ सगळ्यांचा.

२०२५-२६ पासून नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरलेला नाही. चांगलं केलंत. पण कंत्राटी माणसाच्या बिलातून, प्राध्यापकाच्या मानधनातून दहा टक्के कापणं चालूच आहे. म्हणजे वर्षाला साडेतीन-चार लाख कमावणाऱ्या माणसाचा कापलेला रुपया न् रुपया परत मिळायचा असतो. घरात त्या पैशाची वाट पाहिली जाते. पोरांच्या शाळेची फी, पतसंस्थेचा थकलेला हप्ता, घरचा कूलर, सगळं "रिफंड आला की बघू" या एका वाक्यावर थांबलेलं असतं. आपलं खातं या पैशावर महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं. त्याच माणसाचं क्रेडिट कार्ड महिन्याला तीन-साडेतीन टक्के लावतं.

माझ्याकडे येणाऱ्या एका प्राध्यापिकेचं पासबुक डोळ्यांपुढून जात नाही. वाडीहून बसने येतात. मानधन सहा-सहा महिने थकतं, मग मार्चच्या तोंडावर एकदम निघतं आणि तेव्हाच टीडीएसही, म्हणजे पैसे हातात पडायच्या आधीच कापून सरकारकडे जाणारा करही, एकदम कापला जातो. मधले महिने त्यांनी पर्सनल लोन, मग ॲपवरचं कर्ज, मग ते फेडायला दुसऱ्या ॲपवरचं कर्ज असे काढले. रिफंड अठ्ठावीस हजार आणि वर काही रुपये होता. पासबुकात एका ओळीत तो जमा दिसतो. खालच्याच ओळीत, त्याच तारखेला, बँकेने तो थकलेल्या हप्त्यांपोटी वळता करून घेतलेला दिसतो. शिल्लक, ११२ रुपये. रिफंड पॅनशी जोडलेल्या आणि पोर्टलवर आधी पडताळून घेतलेल्या खात्यातच येतो. त्यांचं ते खातं कर्ज देणाऱ्या बँकेतलंच होतं. बँकेचं नाव घेत नाही, नियमाबाहेर तिने काही केलंय असंही म्हणत नाही. बाईंनी मला एवढंच विचारलं, "सर, हे माझेच पैसे होते न?"

मी "हो" म्हणालो. कायद्याच्या भाषेत मात्र ते इतकं सरळ नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

या बाई उद्या नादारीचा अर्ज करायचा म्हणाल्या, तर कुठे जातील? २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता त्यांना लागू नाही. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी सगळी व्यवस्था लिहून ठेवलेली आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग सुरू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी ती अधिसूचना वैध ठरवली. उद्योगपती हमीदार आत आले, प्राध्यापिका बाहेरच राहिल्या. त्यांच्यासाठी अजून प्रांतिक नादारी कायदा, १९२० आहे आणि नागपूरचं जिल्हा न्यायालय आहे. मुंबईत असत्या तर १९०९ चा वेगळा कायदा लागला असता. राज्य एक, कर्ज तेच, आणि शहर बदललं की कायदा बदलतो.

१९२० चा कायदा म्हणजे किती जुना, ते सांगतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचं असहकाराचं अधिवेशन भरलं होतं. त्या कायद्यात पाचशे रुपयांचं देणं थकलं की नादारीचा अर्ज करता येतो, आणि नोकराच्या थकलेल्या पगाराला जे अग्रक्रमाचं संरक्षण आहे ते माणशी वीस रुपयांचं. हे आकडे छपाईच्या चुका नाहीत, आजही तसेच आहेत.

आता रिफंडकडे येतो. या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे नादार ठरलेल्या माणसाची सगळी मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे, म्हणजे ती ताब्यात घ्यायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाकडे, जाते. एवढंच नाही, तर कर्जातून सुटकेचा आदेश होईपर्यंत त्याच्या वाट्याला जे काही येईल तेही जातं. नादारीचा परिणाम अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून धरला जातो. वगळलेलं काय, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली ज्यावर जप्ती येत नाही ते: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, भविष्य निर्वाह निधी आणि पगाराचा ठरावीक भाग. आयकराचा परतावा या यादीत नाही. आणि तो घ्यायचा कुणी, याचीही सोय आपल्या आयकर कायद्यात आहे. १९६१ च्या कायद्याचं कलम २३८(२) सांगतं, की नादारीमुळे एखाद्याला परतावा मागता येत नसेल तर त्याचा रिसीव्हर किंवा विश्वस्त तो मागू शकतो. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, पण २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाचे रिफंड जुन्याच कायद्याखाली निघायचे आहेत, म्हणून कलमांचे जुनेच आकडे वापरतो.)

म्हणजे कायदा या बाबतीत गप्प नाही. रिफंड ही मालमत्ता, मालमत्ता रिसीव्हरची, आणि रिसीव्हर ती धनकोंमध्ये, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्यामध्ये, वाटणार. माझं म्हणणं आहे की हे पहिलं पाऊलच चुकीच्या जागी पडतं.

एक हिशेब मांडतो. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीत दरमहा दीड लाख पगार असलेला माणूस धरा. वर्षाचे अठरा लाख होतील असं गृहीत धरून कंपनी टीडीएस कापते. पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट काढली, नव्या टप्प्यांनी कर लावला, चार टक्के उपकर धरला, की वर्षाचा कर येतो १,५०,८०० रुपये. महिन्याला साधारण १२,५६७. ऑगस्टअखेर नोकरी गेली. वर्षभर दुसरी मिळाली नाही. एकूण पगार झाला साडेसात लाख, कर शून्य. कापलेले सुमारे ६२,८०० रुपये परत मिळायचे. मधल्या काळात घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, कार्ड, सगळं थकलं, आणि मार्चमध्ये नादारीचा अर्ज गेला.

आता कलम ६० बघा. या माणसाविरुद्ध नोकरीत असताना कर्जवसुलीचा हुकूमनामा झाला असता, तर जप्तीपासून पगाराचे पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश वाचले असते. म्हणजे दीड लाखापैकी लाखभर. तीही जप्ती जास्तीत जास्त चोवीस महिने, त्यानंतर त्या हुकूमनाम्यापोटी पगाराला हातच लावता येत नाही. संसदेने हे विचार करूनच लिहिलं आहे: कर्ज फिटलं पाहिजे, आणि कर्जदाराच्या घरची चूलही पेटली पाहिजे. मग जो बारा हजारांचा तुकडा त्याच पगारातून कापून सरकारकडे गेला, तो तिथून फिरून परत येताना हे संरक्षण कुठे सोडून आला? तो हातात पडला असता तर दोन तृतीयांश वाचला असता. सरकारी तिजोरीला प्रदक्षिणा घालून आला म्हणून सगळाच गेला.

हा युक्तिवाद माझा एकट्याचा नाही. अमेरिकेत तो पन्नास वर्षांपूर्वी तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे झाला. १९७४ चा कोकोश्का विरुद्ध बेलफर्ड खटला. वाद होता २५० डॉलर ९० सेंटच्या रिफंडचा. नोकरदार म्हणत होता की हा माझ्या पगाराचाच भाग आहे, आणि पगारातून किती कापून घ्यायचं यावर कायद्याची मर्यादा आहे. न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. रिफंडचं मूळ पगारात असलं तरी आठवड्याला, महिन्याला घर ज्यावर चालतं तो हा पैसा नव्हे, म्हणून तो धनकोंच्या वाट्याचा, असं ते म्हणालं.

हे वाचून मला राग आला हे कबूल करतो, पण ते बाजूला ठेवून बघितलं तरी आमच्याकडच्या माणसाला ते लागू पडत नाही. बचत करायची म्हणून कुणी टीडीएस कापून देत नाही. तो विचारून कापला जात नाही, आणि आला असता तर त्याच महिन्याच्या किराण्यात गेला असता. महिन्याचा पैसा सक्तीने वर्षाचा केला, आणि मग म्हणायचं की हा काही महिन्याचा पैसा नव्हे. शिवाय तिथे निकालानंतर सगळं तिथेच थांबलं नाही. १९७८ च्या दिवाळखोरी कायद्यात कर्जदाराला काही रकमेपर्यंतची सूट आपल्या पसंतीच्या मालमत्तेवर वापरायची मुभा मिळाली. पुष्कळ लोक ती रिफंडवर वापरतात. आणि अर्ज वर्षाच्या मध्ये केला, तर तिथले विश्वस्त त्या वर्षाचा रिफंड दिवसांच्या हिशेबाने वाटतात. अर्जाच्या आधीच्या दिवसांचा भाग धनकोंना, नंतरचा कर्जदाराला. आमच्या १९२० च्या कायद्यात नंतरचाही जातो, कारण सुटका होईपर्यंत जे येईल ते रिसीव्हरचं. नव्याने कुठे नोकरी धरली आणि त्यातून कापलेला टीडीएस परत आला, तर तोही.

यात सरकारची स्वतःची जागा बघितली तर आणखी गंमत आहे. १९२० च्या कायद्यात सरकारी देणं वाटपात पहिलं. शिवाय कलम ४४ प्रमाणे नादाराची बाकी सगळ्या देण्यांतून सुटका झाली तरी सरकारचं देणं तसंच राहतं. २०१६ च्या संहितेत, निदान कागदावर, हे बदललं. तिथे कलम १७८ प्रमाणे प्रक्रियेचा खर्च, कामगारांची देणी आणि तारण असलेले धनको, कर्मचाऱ्यांचे पगार, आणि मग चौथ्या क्रमांकावर सरकार. सुधारणा आहे, मान्य. पण आयकर कायद्यात कलम २४५ आहे. जुन्या कराची मागणी बाकी असेल तर खातं रिफंड त्यात वळता करतं. रांगेत चौथा उभा असलेला माणूस खिडकीच्या आतही बसला असेल, तर त्याला रांगेचं काय? आणि या जुन्या मागण्या कशा असतात ते इतवारीत बसणाऱ्याला विचारा. कुठल्यातरी वर्षी चलानावर करवर्ष चुकलेलं, टीडीएस कापणाऱ्याने पॅनचा एक आकडा चुकवलेला. कळवण्याचा मेल येतो, हरकत घेता येते. पण ज्याच्या फोनवर दिवसभर वसुलीवाल्यांचे कॉल चालू आहेत तो मेल उघडत नाही.

आपण स्वतः हे एकदा मान्य केलेलं आहे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या पंचवीस हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांतल्या दहा हजारांपर्यंतच्या मागण्या मागे घेतल्या. कारण म्हणून आपणच सांगितलं होतं की या मागण्यांमुळे प्रामाणिक करदात्यांचे रिफंड अडकतात. तेव्हा माझ्या टेबलावरच्या कितीतरी फायली एका दिवसात हलक्या झाल्या. त्यासाठी धन्यवाद द्यायचे राहून गेले होते, ते इथे देतो.

आता दुसरी बाजू. धनको म्हणजे दर वेळी मोठी बँक किंवा ॲपवाली कंपनी नसते. नागपूरच्या महाल भागातल्या भिशीत पैसे टाकणाऱ्या बायका असतात, ठेवीदारांच्या पैशावर चालणारी पतसंस्था असते, उधारीवर माल देणारा किराणेवाला असतो. कर्जदाराच्या घरात साठ हजार यावेत आणि यांना दमडी मिळू नये, असं मला म्हणायचं नाही. पण आज होतं काय? रिफंड रिसीव्हरपर्यंत पोचायच्या आधी ज्या एका बँकेत खातं आहे ती तो गिळते. भिशीवाल्यांना आणि किराणेवाल्याला तसंही काही मिळत नाही. कर्जदाराने स्वतः अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत मेहुण्याचे पैसे आधी फेडले, तर १९२० च्या कायद्याच्या कलम ५४ खाली तो व्यवहार रद्द होऊ शकतो. (हे पत्र वाचणाऱ्या कुणाच्या मनात तसं असेल तर नका करू, बाप्पा.) हप्त्याच्या मँडेटने आपोआप गेलेल्या पैशाबद्दल मात्र विचारायला कुणी जात नाही.

लबाडीची शंकाही रास्त आहे. नादारी दिसू लागली की कुणी मुद्दाम जास्तीचा ॲडव्हान्स टॅक्स भरून ठेवेल, आणि मग तो रिफंड म्हणून सुरक्षित परत घेईल. म्हणून मी सगळ्या रिफंडला संरक्षण मागत नाही. स्वतः भरलेल्या करातून आलेला रिफंड खुशाल रिसीव्हरकडे जावा. फक्त पगार, मजुरी आणि मानधनातून कापलेल्या टीडीएसचा जो रिफंड असेल, त्याला कलम ६० चं माप लावावं: दोन तृतीयांश माणसाला, एक तृतीयांश धनकोंना. वर एक कमाल रक्कम ठरवावी. मिहानच्या उदाहरणात माणसाकडे ४१,९०० च्या आसपास राहतात आणि जवळजवळ एकवीस हजार वाटपाला जातात. एकवीस हजार ही आजच्यापेक्षा जास्तच रक्कम होईल, कारण आज वाटपापर्यंत पोचतच नाही.

मानधनाचा उल्लेख मुद्दाम केला. कलम ६० पगाराला आणि मजुराच्या मजुरीला ओळखतं. तासिकेवर शिकवणाऱ्या बाईंचं मानधन यांत बसतं की नाही यावर वकील तासभर वाद घालतील. त्यातून कापलेल्या दहा टक्क्यांचं तर बोलायलाच नको. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता लिहिताना असा माणूसच नव्हता. आज नागपुरात माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे तसेच आहेत.

हे करायचं कुठे? २०१६ च्या संहितेत कलम ७९(१४) मध्ये वगळलेल्या मालमत्तेची यादी आहे. धंद्याची अवजारं, घरसामान, धार्मिक रूढीमुळे अंगावरून उतरवता न येणारे दागिने, आयुर्विमा पॉलिसी, ठरावीक किमतीपर्यंतचं एक राहतं घर. त्यात आणखी एक ओळ घालावी लागेल, आणि त्याला संसदेची दुरुस्ती लागेल हे मला कळतं. त्याच्याही आधी तिसरा भाग सगळ्यांसाठी सुरू व्हायला हवा, नाहीतर ओळ कागदावरच राहणार. आणि तो सुरू करताना "नव्या सुरुवाती"च्या प्रकरणातले आकडे कृपया पुन्हा बघा. वर्षाचं उत्पन्न साठ हजार, मालमत्ता वीस हजार आणि कर्ज पस्तीस हजार, या मर्यादेत बसणारा माणूस कर्ज माफ करून घ्यायला न्यायाधिकरणाच्या दारात यायचा कसा? नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणापर्यंत यायचं म्हटलं तरी गडचिरोलीच्या माणसाचा एक दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते.

संसदेची वाट न बघता होण्यासारखं एक काम आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला आयकर कायद्याच्या कलम ११९ खाली आपल्या अधिकाऱ्यांना सूचना देता येतात. नादारीचा अर्ज न्यायालयाने दाखल करून घेतल्यावर त्या माणसाच्या टीडीएसच्या रिफंडमधून जुनी मागणी आपोआप वळती करू नये, रिसीव्हरला कळवून त्याच्यामार्फत दावा करावा, एवढी एक सूचना काढता येईल. सोबत, रिसीव्हर नेमलेला असेल तिथे रिफंड कर्ज देणाऱ्या बँकेच्या खात्यात न जाता रिसीव्हरच्या खात्यात कसा जाईल, तेही स्पष्ट करावं. कलम २३८(२) ने हक्क दिला आहे. तो वापरायचा रस्ता जिल्हा न्यायालयातल्या रिसीव्हरला सहज सापडेल असा असावा.

शेवटची विनंती जवळची आहे. आयकर खात्यात थेट भरती होणारे सगळे अधिकारी आमच्याच गावात, छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत तयार होतात. त्यांना एक दिवस सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात पाठवा. नादारीची प्रकरणं निघतात त्या कोर्टात मागच्या बाकावर बसू द्या, रिसीव्हरशी बोलू द्या. अकादमीपासून फार लांब नाही. पुढे हीच मुलं देशभर कुठे ना कुठे कलम २४५ ची बटणं दाबणार आहेत.

वर दिलेल्या हिशेबाची पूर्ण पानं, स्लॅबसकट, आपल्या कार्यालयाला पोस्टाने वेगळी पाठवली आहेत. त्यात बेरीज-वजाबाकी चुकली असेल तर कळवावं, आणि बेरीज बरोबर असेल तर उत्तर द्यावं.

आपला नम्र,
इतवारीतला एक कर सल्लागार
नागपूर